लाभ, दोन, तीन, चार

१

दुकानात आलेल्या माणसाला मी "काय पाहिजे?" असं पहिल्यांदा कधीच विचारलं नाही. "बसा" म्हणायचो. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं मला कुणी न शिकवता आलं. कोळवणच्या चौकात तीस वर्षं तांदळाचं दुकान चाललं ते या एका शब्दावर. हिंजवडीचा एक साहेब एकदा काडेपेटी घ्यायला गाडीतून उतरला. मी म्हटलं, बसा. तो बसला, पाऊण तास आपल्या वरच्या साहेबाला शिव्या दिल्या आणि पंचवीस किलो आंबेमोहर घेऊन गेला. पुढच्या शनिवारी परत हजर. म्हटलं, संपला एवढ्यात? तर म्हणतो कसा, "नाही हो शेठ, तांदूळ पडून आहे. जरा बसायला आलो."

तो असा बसलेला असतानाच क्षितिजा दुकानात आली. ती आणि तिचा नवरा निषाद, दोघांनी हिंजवडीतल्या नोकऱ्या सोडून ओढ्यापलीकडचं फार्महाऊस भाड्यानं घेतलं होतं. साहेब गेल्यावर तिनं विचारलं, "काका, तुम्ही त्यांना काय सांगितलंत? मी आले तेव्हा केवढे तणतणत होते."

"काही नाही. बसा म्हटलं."

ती हसली. मग म्हणाली, "आम्ही एक अ‍ॅप करतोय, काका. मन शांत करायचं."

"शांत करून पुढं काय करायचं त्याचं?"

"पुढे काही नाही. तेच तर."

त्या अ‍ॅपचं नाव त्यांनी 'उसंत' ठेवलं होतं. बाकीची अ‍ॅप म्हणे माणसाला शाळेत बसवतात. आज केलं का, काल का चुकवलं, सलग किती दिवस झाले. यांचं अ‍ॅप काही विचारणार नव्हतं, काही मोजणार नव्हतं, आठवण म्हणून टिंग सुद्धा करणार नव्हतं. मला ते पटलं. मी दुकानदारीतल्या दोन गोष्टी तिला फुकट सांगितल्या. पहिली, उघडल्या उघडल्या "बसा" म्हणा. दुसरी, गिऱ्हाइकाला "झालं का?" असं कधी म्हणू नका. तो त्याच्या सवडीनं उठेल.

तिनं दोन्ही वहीत लिहून घेतल्या. आठवड्यानं दोघं माझा आवाजच मागायला आले.

हे सगळं मी लिहून काढतोय, कारण सांगायची सोय राहिलेली नाही. नाहीतर मी लिहिणारा माणूस नव्हे.

मार्गशीर्षात, एका सकाळी, दुकानामागच्या गोदामात त्यांनी माझा आवाज भरून घेतला. चारी बाजूंनी तांदळाच्या गोण्या, म्हणून आवाज घुमत नाही, असं निषाद म्हणाला. मी "बसा" म्हटलं, "घाई नाही" म्हटलं, दोन-चार गमती सांगितल्या. मग तो म्हणाला, "आता श्वास मोजायचा, काका. चार आकड्यांत आत, चार आकड्यांत बाहेर."

मी सुरू केलं. "लाभ, दोन, तीन, चार."

त्यानं कानावरचं काढलं. "एक म्हणायचं, काका."

"धान्याच्या मापाला एक म्हणत नाहीत. पहिलं माप लाभ. तोंडात तेच बसलंय."

"हे श्वास आहेत पण."

क्षितिजा म्हणाली, "राहू दे, निषाद. छान वाटतंय कानाला." मग मला विचारलं, "शेवटी काही म्हणतात का?"

म्हणतात. शेवटी "पुरं" म्हणतात. पण मीच तिला शिकवलं होतं, की गिऱ्हाइकाला झालं का म्हणू नये. तिनं वही उघडून मलाच ते वाचून दाखवलं. "मग शेवट ठेवायचाच नाही," ती म्हणाली, आणि मी मान डोलावली.

वडील असते तर तिथंच मुस्काटात बसली असती.

२

माझे वडील खळ्यांवर जाऊन भात विकत घ्यायचे. भाताची रास घातलेली असायची. शेजारी मांडी घालून ते मापाची पायली भरायचे, तळव्यानं वरचं सपाट करायचे आणि म्हणायचे, लाभ. एकदा लाभ म्हटलं की मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. शेवटचं माप ओतून झालं की मूठभर भात राशीच्या जागेवर परत टाकायचा आणि म्हणायचं, पुरं. ज्यानं पुरं म्हटलं, रास त्याची.

एकदा काशिगच्या खळ्यावर मापं सत्तरच्या वर गेलेली असताना एक बैल सुटला आणि पोरांच्या घोळक्यात शिरला. वडील उठले. पौडचा एक व्यापारी शेजारी तंबाखू मळत बसला होता. तो नुसता सरकला, पायली हातात घेतली आणि पुढचं मोजायला लागला. वडील बैलाचं दावं हातात घेऊन परत आले तेव्हा तो म्हणत होता, पुरं. रास त्याच्या गाडीत गेली.

मी तेव्हा बारा वर्षांचा. घरी येताना विचारलं, "भांडला का न्हाई?"

वडील म्हणाले, "माप उघडं टाकून मी उठलो. त्याचं काय चुकलं?"

३

आता घरातलं. दुकानाच्या वरच आमचं घर, बाहेरून चौदा पायऱ्यांचा लोखंडी जिना. घरात मी आणि साधना. दुकानात माझं तोंड दिवसभर चालायचं आणि जिना चढला की बंद व्हायचं. तिला मी नावानं कधी हाक मारली नाही. अगं म्हणायचो. ती अहो. चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली. तिच्या माहेराहून, माल्याहून, सकाळी निरोप आला, म्हातारीला बरं नाही, लेकीला धाडा. मी खळ्यावर होतो. मी सांगितलं, रास अर्धी मोजून झालीय, उठता येत नाही, उद्या जिपेनं सोडतो. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा म्हातारीला बाहेर आणून ठेवलं होतं.

साधना मला एक शब्द बोलली नाही. मात्र तिची झोप गेली. पौडच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, काढे झाले. दुपारी डोळे मिटून पडायची, पण झोपलेली नसायची.

संक्रांतीला अ‍ॅप आलं. क्षितिजानं स्वतः येऊन साधनाच्या फोनवर घालून दिलं. त्याच दुपारी साधना दोन तास झोपली. मी माझ्या खाटेवर पडून तिचा श्वास ऐकत होतो आणि फोनमधून माझाच आवाज येत होता, घाई नाही, बसा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दुकानात प्रत्येकाला सांगितलं. गोजराबाई, आमच्या जुन्या गिऱ्हाईक, म्हणाल्या, "शेठ, तुमचा आवाज ऐकून मला तर उधारी आठवती, झोप कसली लागती."

दुपारची तिची झोप मोडू नये म्हणून मी खाली दुकानातच, गोण्यांवर पडायला लागलो. दुपारी एक ते साडेतीन आमचं शटर खाली असतं. चौकात तेव्हा कुणी नसतं. जिन्याच्या पत्र्यावर ऊन तापून टकटक वाजतं, तेवढंच.

माघातल्या एका दुपारी असा पडलो असताना वरून माझा आवाज आला. "एकशे अठरा."

मी उठून बसलो. मी चारपर्यंतच म्हटलं होतं.

"एकशे एकोणीस," वर मी म्हणालो.

४

कॉम्प्युटरनं आवाज बनवता येतो हे मलाही ठाऊक होतं. मी तडक फार्महाऊसवर गेलो. निषादनं खुर्ची दिली, लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "तुमच्या आवाजाचे सतरा तुकडे, काका. हे बघा. चारच्या पुढचा आकडाच आपल्याकडे नाही. आणि बनावट आवाज नको, हे तर आमचं ठरलेलंच."

"मग ती किती वेळ ऐकते, ते बघ."

"ते नाही दिसत. आपण काहीच मोजत नाही ना."

मला तेव्हा वाटलं, ऊन लागलं असेल, डुलकीत ऐकलं असेल. माणसानं आपलंच म्हणणं धरून बसू नये. पण मी येताना ओढ्यावर थांबलो आणि माझ्या ध्यानात आलं, की मला भीती वाटत नाहीये. मला हेवा वाटतोय. साधना आता जेवताना गुणगुणायची. केसांत अबोलीचा गजरा घालायची. मी कौतुकानं काही बोलायला जावं, तर आधीच ऐकल्यासारखी मान हलवायची. परक्या माणसाचा हेवा वाटला असता तर त्याच्या दारात जाऊन भांडलो असतो. इथं कुणाच्या दारात जाणार?

फाल्गुन लागला. वरचा प्लगचा बोर्ड जळाला, म्हणून साधनानं फोन चार्जिंगला खाली दुकानात ठेवला. गल्ल्याशेजारी, माझ्या डोळ्यांसमोर. दुपारचा एक वाजत आला होता. गोजराबाई पाच किलो इंद्रायणी बांधून घेत होत्या. फोन बंद, काच काळी.

वरून आवाज आला. "चारशे सहा."

गोजराबाईंनी वर पाहिलं. मग माझ्याकडं. "तुमचं भाऊ आलंत व्हय?"

"मला भाऊ न्हाई."

"आवाज लई तुमच्यावानी हाय." त्यांनी पिशवी उचलली आणि जाता जाता म्हणाल्या, "आन तुमचा का असा बसलाय? दोनदा इचारावं लागतंय."

माझा आवाज बसला होता खरा. लोक "काय म्हणालात?" म्हणायला लागले होते. मी खडीसाखर चघळत होतो.

मी वर गेलो. साधना भिंतीकडं तोंड करून शांत झोपली होती. खोलीत कुणी नव्हतं. फक्त माझ्या खाटेवरची चादर मध्यभागी चुरगळली होती. सकाळी उठल्यावर चादर मी स्वतः ओढून घेतो, चारी कोपरे खोचून. वडिलांची शिस्त. मी ती परत ओढली, तर कापड मधोमध उबदार लागलं. वर पत्रा आहे, ऊन आहे, कापड तापायचंच. असं मी म्हटलं आणि खाली आलो.

५

माझ्यापाशी एकच गोष्ट होती जी त्या आवाजापाशी नव्हती. ती आता सांगतो.

ज्या दिवशी माल्याहून निरोप आला, त्या दिवशी रास अर्धी नव्हती. माप सकाळी अकरालाच पुरं झालं होतं. बाराची जीप चौकात उभी होती. मी खळ्यावर भज्यांबरोबर चहा पीत, भाव काय निघेल याच्या गप्पा मारत बसलो, कारण गप्पा रंगल्या होत्या. म्हातारी काय, महिन्यातून एकदा आजारी पडायची. एवढंच कारण. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, देवापुढं सुद्धा नाही.

मी ठरवलं, हे साधनाला सांगायचं. ती रडेल, शिव्या देईल, माहेरी जाईल. पण ते माझ्या तोंडचं असेल.

बुधवारी सकाळी ती भाकरी थापत होती. मी तिच्या मागं उभा राहिलो. "अगं, तुझी आई गेली त्या दिवशी..."

"काय म्हणालात?"

मी घसा साफ केला. "त्या दिवशी माप..."

"अकरालाच झालं होतं. व्हय." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "किती येळा बोलणार? सांगितलंत की काल दुपारी."

"मी सांगितलं?"

"मला राग न्हाई आता." ती वळली. तीन वर्षांत तिनं माझ्याकडं असं पाहिलं नव्हतं. "आन तुमी रडलात, ते लई बरं झालं. मला वाटायचं, ह्या माणसाला रडू येतच न्हाई."

मी काल दुपारी गोण्यांवर होतो. शटर ओढताना माझा उजवा अंगठा सापडला होता आणि मी तो पाण्यात धरून बसलो होतो. नख काळंनिळं पडलं होतं. रडलो नव्हतो.

६

त्या दिवशी मी शटर एकला लावलं आणि कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर भात घेतला. वडिलांचं म्हणणं मला कळून चुकलं होतं. माप मी उघडलं होतं, मीच पुरं म्हणायचं होतं. रास केवढी आहे, ती संपत कधी येते, मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यानं म्हणायच्या आत आपण म्हणायचं, एवढं कळत होतं.

चपला खाली काढल्या. चौदा पायऱ्या, पत्रा पोळत होता. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता, माझा, पण आता बसलेला नव्हे. मार्गशीर्षातला, भरलेला.

"नऊशे नव्वद," तो म्हणाला. मग हळू, "साधना."

त्यानं तिला नावानं हाक मारली.

फटीतून मला तिच्या खाटेचा पायथा दिसत होता आणि माझ्या खाटेची कड. कडेवर एक हात होता. मनगटापासून पुढचाच, बाकीचं दाराआड. तो हात तळवा खाली करून हवेत डावीकडून उजवीकडं सरकला, पायलीवरचा भात सपाट करतात तसा. उजवा हात होता. अंगठ्याचं नख काळं नव्हतं.

मी मूठ पुढं केली. तोंड उघडलं. एक शब्द म्हणायचा होता.

तेवढ्यात तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुला अडवायला नको होतं."

आणि मी थांबलो. का थांबलो, तेच सांगण्यासाठी हे लिहिलं. मला ऐकायचं होतं ती त्याला काय म्हणते. कुठल्या आवाजात म्हणते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्याशी ती ज्या आवाजात कधी बोलली नाही, तो आवाज असतो कसा, ते एकदा ऐकायचं होतं.

ती म्हणाली, "जाऊ द्या हो आता." अर्धवट झोपेत, हसत. "तुमी हायेत ना हितं."

हात एकदा सरकला. खोलीतला श्वास आत गेला आणि बाहेर आला.

"पुरं," तो म्हणाला.

भात फरशीवर सांडल्याचा आवाज झाला. माझी मूठ मिटलेलीच होती.

मी दार ढकललं. खाटेवर कुणी नव्हतं. चादर कोपरे खोचून सपाट ओढलेली. साधना जागी झाली, उठून बसली आणि दारात मला पाहिलं. तिनं घाईनं पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला. घाबरली नाही. चौकातल्या घरात कुणीही येतं, तिला सवय आहे.

"दुकानाकडं आला व्हता का?" तिनं विचारलं. "बसा ना. हे येतील इतक्यात."

तिनं भिंतीजवळची लोखंडी खुर्ची पुढं ओढली, पाहुण्यांची. माठातून तांब्याभर पाणी आणून दिलं, वर पेला उपडा घालून, नजर खाली ठेवून. मी पाणी घेतलं. शटरची किल्ली माझ्या खिशात होती, मी चाचपून पाहिली.

खाली शटर वर गेल्याचा आवाज आला. कुणीतरी गिऱ्हाईक आलं असावं, कारण चौकातून पावलं वाजली, आणि मग माझा आवाज, भरलेला, ओळखीचा, म्हणाला, "बसा."

मी साधनाकडं वळलो. म्हटलं, अगं. म्हटलं, साधना. श्वासाच्या पलीकडं काही निघालं नाही.

तिनं मान थोडी पुढं केली, आजारी माणसाचं ऐकतात तशी.

"घाई न्हाई," ती म्हणाली. "बसा."